रुमालात बांधलेले पुणे

फडके हौद आणि साततोटी ही चौकांची नावे पुणेकर रोज घेतात. पण ज्या पाण्यामुळे अशी नावे पडली, त्या पाण्याची वाट जमिनीखाली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत बांधीव नळ घालण्यात आला आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांत येऊ लागले. त्या नळाच्या वाटेवर रस्त्याकडेला दिसणारे उंच बांधकाम म्हणजे नळावरचा उच्छ्वास. नळात कोंडलेली हवा येथून बाहेर पडत असे. शेजारून जाणाऱ्या वाहनांतील कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहत नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याची नोंद कोणत्या कागदात आहे, खर्च कोणाच्या नावे पडला आणि पाणी कोणाच्या वाड्यात जात होते, हे जाणून घ्यायचे असते.

त्यासाठी रुमाल सोडावा लागतो. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. गाठ सुटली की आधी मऊ ब्रशने धूळ झटकली जाते आणि मग प्रत्येक कागद त्याच्या मूळ घडीवरच सावकाश उलगडला जातो, कारण घडी सोडून वाकवला की जुना कागद तेथेच तुटतो. शाई काजळीची असल्याने ओल्या बोटाचा स्पर्शही चालत नाही. अक्षरांवर चमकणारे कण दिसतात, ते वाळूचे आहेत. ओली शाई लवकर वाळावी म्हणून लिहिणाऱ्याने ती भुरभुरली होती आणि ती अजून अक्षरांना चिकटून आहे.

वाचन याहून अवघड आहे. हे कागद मोडी या जुन्या मराठी लिपीत असतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढली जाते, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली उतरत जातात. दोन शब्दांत जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे शब्द कोठे संपला हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. काळही सरळ मिळत नाही. एखाद्या कागदावर ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ असे वर्ष असले, तर या अरबी संख्याशब्दांतील दोन, तीस, शंभर आणि हजार यांची बेरीज करून सुहूर सन, म्हणजे त्या कागदांतील कालगणनेचे वर्ष, ११३२ निघतो आणि त्यावरून इसवी सन १७३१-३२ हाती येते. शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली, ती याच सुहूर वर्षात. अशी बेरीज जमते तेव्हा कागद आणि वास्तू एकमेकांची साक्ष देऊ लागतात. आमच्या मते शहराच्या इतिहासाचा भक्कम पाया हाच आहे. ऐकीव आख्यायिका कितीही रंगतदार असल्या तरी त्यांची जागा त्यानंतरची.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा घराघरांत पडून असलेल्या कागदांना हक्काचे ठिकाण मिळाले. सरकारच्या ताब्यातील पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतून, इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तरीही छापले गेले त्याहून कितीतरी अधिक कागद रुमालांतच राहिले.

जे वाचले ते अभ्यासक पायी फिरून लोकांसमोर मांडतात. गंज पेठेतील फुलेवाड्यात ते हमखास थांबतात. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशवाईतील नळाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हा हौदही पाहिला पाहिजे, कारण शहरात पाणी आले आणि ते सर्वांना मिळाले, या दोन घटनांत शतकाहून अधिक अंतर आहे.

दरम्यान पेठांतील वाडे पाडले जात आहेत आणि त्यांच्या माळ्यावरचे कागद रद्दीत जात आहेत. घरात असे गाठोडे असेल, तर फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि कागदांचा क्रम मोडू नये. ते कोणत्या वाड्यात आणि कोणाकडे सापडले, हे कागदांवर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि मग ते मोडी जाणणाऱ्याला दाखवावे.