उम्मे सअदची विहीर

[संध्याकाळ. खुलताबादची वेस. फुलांच्या पुड्या आणि उदबत्त्या घेऊन निघालेली माणसं.]

आज शाबान महिन्याची चौदा तारीख. सूर्य मावळला की पंधरा लागेल, कारण इस्लामी दिवस मगरिबपासून सुरू होतो. या रात्रीचं नाव शब-ए-बरात. आमच्या घरात मात्र तिला ‘बडी रात’च म्हणतात. बरात म्हणजे सुटका, मोकळीक. लग्नाच्या वरातीशी तिचा काही संबंध नाही, हे दर वर्षी कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतं.

हरभऱ्याच्या डाळीचा हलवा दुपारीच झालाय, ताटल्या झाकून शेजारीपाजारी गेल्यासुद्धा. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की पुरुष आणि पोरं कबरस्तानाची वाट धरतात. बायका बहुतेक ठिकाणी घरीच, मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर बसून दुआ मागतात. गेलेली माणसं त्यांचीही असतात. हे मला लहानपणापासून खटकत आलंय.

[कबरस्तान. मेणबत्त्यांचा उजेड. आवाज कमी.]

आत शिरताना सलाम करायचा. अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर. कबरीत राहणाऱ्यांनो, तुम्हाला सलाम. गावात शिरताना पारावर बसलेल्यांना राम राम घालावा, तसाच. मग आपल्या माणसाच्या उशाशी उभं राहून फातेहा, कुराणातला पहिला सूरा, पढायची. पावसानं खचलेल्या कबरीवर दोन घमेली माती टाकायची. पोरं मेणबत्त्या मोजत हिंडतात, आणि कुणी त्यांना रागावत नाही.

या रात्रीचं वेगळं असं काही करू नये, त्याला पक्का आधार नाही, असं सांगणारे आलिमही, म्हणजे धर्मपंडितही आहेत. आमच्याच नात्यात अशी दोन घरं आहेत, त्यांच्याकडं हलवा होत नाही. पण कबरींवर गेल्यानं आखिरत, म्हणजे मरणानंतरचं जग आठवतं, ही हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण, त्या घरांतही मानतात.

[खुलताबाद, सकाळ. घुमट, पायऱ्या, उंबरठे.]

या गावाचं जुनं नाव रौजा. १३०९ मध्ये वारलेले सूफी संत मुंतजबुद्दीन, म्हणजे जर जरी जर बक्ष, इथं आहेत. १३३७ मध्ये वारलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथं आहेत. गरीब हे त्यांचं बिरुद, आणि ते त्यांनी अभिमानानं मिरवलं. त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात हैदराबादचा पहिला निजाम पुरलेला आहे. बादशाह औरंगजेबाची कबरही याच गावात. वर छत नाही, नुसती माती आणि तिच्यावर सब्जाचं रोप. तिच्यावर आजवर इतकं बोललं गेलंय की आपण पुढं जाऊ.

आपल्याला जायचंय मलिक अंबरकडं. हबशी देशातून गुलाम म्हणून विकत आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६२६ मध्ये वारला. मकबरा त्यानं जिवंतपणीच बांधून घेतला होता, असं सांगतात. बडी रातीलाही इथं फारशी गर्दी नसते. पण यानंच वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगराचं पाणी जमिनीखालून आणलं. ती नहर-ए-अंबरी. तिनं कित्येक पिढ्यांना पाणी पाजलं. त्यातल्या किती जणांनी याच्यासाठी दुआला हात उचलले असतील, कोण जाणे.

[पाणचक्की. भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी.]

त्याच शहरातली पाणचक्की. सहलीची पोरं हौदातले मासे बघतात आणि निघून जातात. बाबा शाह मुसाफिर यांची कबर याच आवारात आहे. हे सूफी मध्य आशियातून इथं आले. त्यांच्या खानकाहसाठी, म्हणजे सूफींच्या मठासाठी, पाणी खापरी नळांतून डोंगरावरून यायचं, उंचावरून पडायचं, त्या जोरावर जातं फिरायचं. पीठ जायचं खानकाहच्या मुदपाकात, फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी. जात्यावर बसायला माणूस नको, आणि आलेला उपाशी जायला नको. हिशेब इतका साधा होता.

[कोरडी विहीर. रिकाम्या घागरींची रांग. जुनी छायाचित्रं.]

पाण्याचं मोल आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या साली बडी रात मे महिन्यात आली होती, ऐन टंचाईत. मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायची तर पाणी लागतं. बोरीची पानं घातलेलं पाणी, शेवटी कापराचं. पाणीच नसेल तर शरियतनं वाट ठेवलीय, तयम्मुम, म्हणजे मातीवर हात फिरवून केलेली शुद्धी. माणूस शेवटचं न्हाणार तेही मातीनं, ही कल्पना वाळवंटातल्या लोकांना सुचली असेल. आम्हाला ती परकी वाटत नाही.

मरणानंतर माणसाची सगळी कामं थांबतात, तीन सोडून, असं हदीस सांगते. मागं राहिलेली उपयोगाची विद्या, दुआ करणारं लेकरू, आणि वाहतं दान, म्हणजे सदका-ए-जारिया. सअद बिन उबादा यांची आई वारली. त्यांनी पैगंबरांना विचारलं, आईच्या नावानं कोणतं दान सगळ्यांत चांगलं? उत्तर एका शब्दाचं होतं, पाणी. सअदनी विहीर खणली आणि म्हणाले, ही उम्मे सअदची. सअदच्या आईची.

माझी नानी ही गोष्ट अशी नाही सांगायची. ती फक्त म्हणायची, ‘पानी पिलाव, सवाब मिलता.’ सवाब म्हणजे पुण्य. उन्हाळ्यात दारासमोर रांजण भरून ठेवायची. पिणारा कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी रमजान लागतो, मग शेवटच्या दहा दिवसांत हजार महिन्यांहून मोठी ती रात्र, शब-ए-कद्र, शोधायची, जकातीचे, म्हणजे साठलेल्या पैशातून द्यायच्या सक्तीच्या दानाचे, शंभराला अडीच मोजून काढायचे. तिच्याकडं जकात निघेल इतकं कधी साठलंच नाही. रांजण होता.

[मराठवाड्यातलं एक बसस्थानक. दुपार. शेजारी मशिदीची भिंत.]

भिंतीला लागून पाण्याची स्टीलची टाकी आहे. वर उर्दूत एक ओळ, ईसाल-ए-सवाबची, म्हणजे गेलेल्या माणसाला पुण्य पोचवण्याची, आणि खाली कुणाच्या तरी आईचं नाव. साखळीला बांधलेला पेला. धोतर नेसलेले एक बाबा येतात, दोन पेले पितात, तिसरा डोक्यावर ओततात. त्यांना उर्दू येत नाही. गाडी लागलीय, कंडक्टर ओरडतोय. बाबा पेला उपडा ठेवतात आणि पळतात.