हे तर या ग्राहकाचं नेहमीचंच!

मित्रहो, मुलींच्या लैंगिक तस्करीचा आरोप झालेल्या अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीनचं नाव निघालं की गप्पा त्याच्या विमानाकडे, बेटाकडे आणि बड्या पाहुण्यांकडे वळतात. मला आज त्याच्या बँकखात्याबद्दल बोलायचं आहे. १९९८ ते २०१३ तो जे. पी. मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेचा ग्राहक होता. तिथून बाहेर पडला, तेव्हा डॉइश बँकेने त्याच्यासाठी पायघड्या घातल्या आणि २०१८ पर्यंत त्या गुंडाळल्या नाहीत. मधेच, २००८ साली, अल्पवयीन मुलीशी संबंधित वेश्याव्यवसायाचा गुन्हा त्याने फ्लोरिडात कबूल केला होता. म्हणजे जे. पी. मॉर्गनने त्यानंतरही पाच वर्षं त्याला सांभाळलं आणि डॉइश बँकेने तर सगळं ठाऊक असताना खाती उघडली.

जुलै २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने डॉइश बँकेला १५ कोटी डॉलरचा दंड केला. त्यात इतर प्रकरणंही होती, पण एपस्टीनचा भाग मुळातून वाचण्याजोगा आहे. त्याचा वकील पार्क अव्हेन्यूच्या शाखेत यायचा आणि ७,५०० डॉलर रोख घेऊन जायचा. महिन्यातून दोन-तीनदा, एकूण ९७ वेळा. ७,५००च का? कारण दुसऱ्याच्या खात्यातून रोख काढण्याची बँकेची मर्यादाच तेवढी होती. शिवाय १०,००० डॉलरच्या वरची रोकड सरकारला कळवावी लागते. कितीदा पैसे काढले तर बँकेची यंत्रणा जागी होणार नाही, हेही या गृहस्थाने विचारून घेतलं होतं. आता इतकी चौकशी कोण करतो, हे कॅशियरलाही कळतं. रोकड कशासाठी, तर प्रवास, बक्षिशी आणि किरकोळ खर्च!

त्याहून भारी पुढे आहे. एका रशियन मॉडेलला गेलेल्या पैशांवर संगणकाने इशारा दिला. त्यावर बँकेतला शेरा असा, की या ग्राहकाचे असे व्यवहार नेहमीचेच असल्याने ते संशयास्पद मानलेले नाहीत. तपासणी नियमानुसार झाली, कागद फाईलला लागला.

पण दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्या मुलींचं आयुष्य नासलं त्यांचं काय? अमेरिकेचा मानवी तस्करीविरोधी कायदा २००० सालचा. २००३ मध्ये पीडितांना तस्करावर दिवाणी दावा लावण्याची मुभा मिळाली. खरा बदल २००८ चा. तस्करीच्या उद्योगात सहभागी होऊन जाणूनबुजून फायदा घेणाराही जबाबदार ठरला. तो उद्योग तस्करीचा आहे हे त्याला प्रत्यक्ष माहीत नसलं, पण माहीत असायला हवं होतं, एवढं सिद्ध झालं तरी पुरे. वकील मंडळी, पुढे बँकांवर आलेले खटले या ‘असायला हवं होतं’वरच उभे राहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नाव जाहीर न करता पीडितांच्या वतीने दोन्ही बँकांवर दावे लागले. बँकांचं म्हणणं, आम्ही खातं चालवलं, यात सहभाग कुठला? युक्तिवाद पोकळ नाही. खातं चालवणं हाच गुन्हा म्हटलं तर कुठलीच बँक उरायची नाही. पण न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी २०२३ मध्ये काही मुद्दे वगळून मुख्य दावा चालू ठेवला. २००९ आणि २०११ मध्ये बड्या बँकांच्या सरकारशी झालेल्या तडजोडी फेटाळणारे हेच ते रॅकॉफ. जे. पी. मॉर्गनने तर आपलाच माजी अधिकारी जेस स्टेली याच्यावर उलट दावा ठोकला. खापर फोडायला माणूस घरातलाच निघाला. मला गुन्ह्यांची कल्पना नव्हती, असं स्टेली सांगत राहिला.

मग दोन्ही बँकांनी पैसे मोजले. डॉइश बँकेने साडेसात कोटी डॉलर, जे. पी. मॉर्गनने जून २०२३ मध्ये २९ कोटी. एपस्टीनचं बेट जिथे होतं, त्या अमेरिकी व्हर्जिन आयलंड्सच्या सरकारचा जे. पी. मॉर्गनवरचा खटला ऑक्टोबरात उभा राहायचा होता. तो सप्टेंबरात साडेसात कोटी डॉलरांत मिटला. जबाबदारी मात्र कुणी कबूल केली नाही. पीडितांच्या हाती पैसे आले, ही मोठीच गोष्ट, मी ती कमी लेखत नाही. पण साक्षी-पुरावे ऐकून ज्युरीने ‘बँकेला कळायला हवं होतं’ असं एकदा म्हणणं राहून गेलं. तडजोड पुढच्या खटल्यात नजीर म्हणून दाखवता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बँक ऑफ अमेरिका आणि बँक ऑफ न्यूयॉर्क मेलनवर दावे आले, तेव्हा सहभागाचा वाद पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडचं विचाराल तर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ आहे. अनैतिक व्यापाराचे गुन्हे त्याच्या अनुसूचीत आहेत आणि बँकेने संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचे असतात. कसूर झाली तर कलम १३ खाली प्रत्येक कसुरीला दहा हजार ते एक लाख रुपये दंड. पीडितेने थेट बँकेकडे भरपाई मागावी, असं कलम मात्र त्या कायद्यात नाही.