बाय मिळालेले चौघे का हरले? २०२४-२५चा बाउल मोसम

मंडळी, २०२४-२५च्या मोसमात अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं प्लेऑफ पहिल्यांदाच बारा संघांचं झालं. त्यांतल्या चौघांना पहिली फेरी खेळावी लागली नाही, त्यांना बाय होता: ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट. हे चौघेही आपला पहिलाच सामना हरून घरी गेले. विजेतेपद आठव्या मानांकित ओहायो स्टेटनं नेलं. यावर तेव्हा दोन स्पष्टीकरणं जोरात होती. एक, विश्रांतीमुळे चौघे गंजले. दुसरं, ते मुळात तेवढ्या ताकदीचे नव्हतेच. दोन्हींत तथ्य आहे, पण त्याआधी ड्रॉ बघायला हवा, आणि तो ८ डिसेंबरलाच लागला होता.

निवड समितीत तेरा जण असतात. ते पंचवीस संघांची क्रमवारी लावतात. त्या क्रमवारीतल्या सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना तेव्हा थेट प्रवेश (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेज-संघांचे गट; एसईसी, एसीसी, सन बेल्ट हे त्यांतलेच) आणि उरलेल्या सात जागा पुढच्या क्रमांकांना, इथवर सगळं सरळ होतं. घोळ पुढच्या कलमानं केला: पहिली चार मानांकनं, म्हणजेच बाय, फक्त कॉन्फरन्स-विजेत्यांनाच. त्यामुळे समितीच्या यादीत नवव्या असलेल्या बॉइझी स्टेटला तिसरं मानांकन मिळालं आणि बाराव्या अ‍ॅरिझोना स्टेटला चौथं. यादीत तिसऱ्या टेक्ससला पाचवं आणि चौथ्या पेन स्टेटला सहावं मिळालं, कारण दोघे आपापल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरले होते.

आता कुणाची वाट कशी होती ते बघा. पाचव्या मानांकित टेक्ससला आधी यादीतला सोळावा क्लेमसन, तो सामनाही आपल्याच मैदानावर, आणि मग बारावा अ‍ॅरिझोना स्टेट. सहाव्या पेन स्टेटला आधी दहावा एसएमयू, मग नववा बॉइझी स्टेट. आणि एकही सामना न हरलेल्या, १३-० अशा पहिल्या मानांकित ओरेगनला? यादीतल्या सहाव्या ओहायो स्टेट आणि सातव्या टेनेसी यांच्यातला विजेता. फेरी संपल्यावर ड्रॉ नव्यानं लावायची सोय नाही. म्हणजे पहिल्या क्रमांकाचं बक्षीस म्हणून ओरेगनच्या वाट्याला टेक्सस आणि पेन स्टेटपेक्षा अवघड उपांत्यपूर्व सामना आला. रोझ बाउलच्या, म्हणजे पासाडेनातल्या या उपांत्यपूर्व सामन्याच्या आधी (मोसमाअखेरच्या अशा सामन्यांना बाउल म्हणतात) सट्टेबाजांचा कौलसुद्धा ओहायो स्टेटच्याच बाजूनं होता. असं असताना त्या निकालाला धक्कादायक म्हणणं मला पटत नाही.

धक्कादायक होता तो फरक. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०, शेवटी ४१-२१. ऑक्टोबरात याच ओरेगननं याच ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं होतं. इथं विश्रांतीचा मुद्दा येतो. ओरेगनचा आधीचा सामना ७ डिसेंबरला झाला होता आणि रोझ बाउल १ जानेवारीला, म्हणजे मध्ये पंचवीस दिवस. ओहायो स्टेट ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली, तीन आठवडे टीका ऐकत राहिली आणि २१ डिसेंबरला टेनेसीला ४२-१७ धुऊन पासाडेनाला गेली. सराव कितीही केला तरी आपल्याच खेळाडूंवर कुणी पूर्ण जोरानं आदळत नाही. टॅकलिंगचं, म्हणजे चेंडूवाल्याला पाडण्याचं टायमिंग आणि क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास देऊन डाव चालवणाऱ्या खेळाडूचा, समोरच्यांचा बचाव ओळखण्याचा वेग खऱ्या सामन्यातच परत येतो. शिवाय पहिली फेरी वरच्या मानांकितांच्या मैदानावर असते आणि तिथले चारही यजमान जिंकले. बायवाल्यांना मात्र घरचा सामनाच नाही. ते थेट तटस्थ मैदानावर बाउल खेळतात.

पण चौघांचं दुखणं एक नव्हतं. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक एसईसीच्या अंतिम सामन्यात कोपराला दुखापत होऊन बाहेर गेला होता. शुगर बाउल या उपांत्यपूर्व सामन्यात त्याच्या जागी गनर स्टॉकटन सुरुवातीपासून खेळला, ती त्याची पहिलीच वेळ. तो सामनाही न्यू ऑर्लिन्समधल्या बर्बन स्ट्रीटवरच्या हल्ल्यामुळे १ ऐवजी २ जानेवारीला झाला. नोत्र दामनं मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे मिळून ५४ सेकंदांत १७ गुण केले: एक फील्ड गोल (किकनं मिळणारे तीन गुण), मग स्टॉकटनच्या हातून चेंडू सुटला त्यावर टचडाउन (चेंडू गोल लाइनपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण), आणि उत्तरार्धाच्या पहिल्याच किकवर जेडन हॅरिसननं ९८ यार्ड पळत केलेला टचडाउन. निकाल २३-१०. बॉइझी स्टेट पेन स्टेटकडून ३१-१४ हरली, त्यात उकल करण्यासारखं फारसं नाही. अ‍ॅरिझोना स्टेटला मात्र गंजलेली म्हणणं अन्यायाचं होईल. पहिल्या ओव्हरटाइममध्ये टेक्ससला चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, १३ यार्ड हवे होते, अडवलं असतं तर सामना खिशात होता. क्विन एवर्सनं मॅथ्यू गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन पास दिला आणि दुसऱ्या ओव्हरटाइमनंतर टेक्सस ३९-३१ जिंकली.

नियमावर टीका झाली आणि २०२५च्या मोसमापासून मानांकन थेट समितीच्या क्रमवारीनुसार लागू लागलं. पाच विजेत्यांचा प्रवेश कायम राहिला, बायवरचा हक्क गेला. हा पाचवा विजेता दुसऱ्याची जागा कशी खातो, तेही याच मोसमात दिसलं. एसीसीच्या अंतिम सामन्यात क्लेमसनच्या नोलन हाउझरनं शेवटच्या क्षणी ५६ यार्डांवरून फील्ड गोल मारला. एसएमयू ३४-३१ हरली. हरूनही एसएमयू यादीत दहावी राहून आत आली, सोळावी क्लेमसन विजेती म्हणून आत आली, आणि अकरावी अलाबामा बाहेर बसली. अलाबामाच्या नशिबाचा निकाल तिनं न खेळलेल्या सामन्यातल्या एका किकनं लागला.

उपांत्य फेरीचे दोन्ही सामने चेंडू हातातून गेल्यामुळे फिरले. ऑरेंज बाउलमध्ये बरोबरी असताना ३३ सेकंद राहिले होते, तेव्हा पेन स्टेटच्या ड्रू अ‍ॅलरचा पास नोत्र दामच्या क्रिश्चन ग्रेनं मध्येच झेलला. मिच जेटरनं ४१ यार्डांवरून किक मारली, २७-२४. कॉटन बाउलमधली टेक्ससची चूक शिकण्यासारखी आहे. सात गुणांनी मागे आणि गोल लाइन एका यार्डावर. अशा वेळी चेंडू मध्यातून रेटायचा असतो. टेक्ससनं बाजूला टॉस करून धाव काढायचा प्रयत्न केला आणि सात यार्ड गमावले. त्यामुळे चौथ्या डाउनला आठ यार्डांवरून पास टाकणं भाग पडलं. जॅक सॉयरनं एवर्सला पाडलं, सुटलेला चेंडू उचलला आणि ८३ यार्ड पळाला. बरोबरी व्हायची तिथं २८-१४ झालं. २० जानेवारीला अटलांटात ओहायो स्टेटनं ३१-७ अशी आघाडी घेतली, नोत्र दामनं ती ३१-२३पर्यंत खाली आणली. मग तिसऱ्या डाउनला ११ यार्ड हवे असताना विल हॉवर्डनं जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा पास दिला आणि पाठोपाठच्या फील्ड गोलनं निकाल लावला, ३४-२३.

ही झाली सहा बाउलची गोष्ट. उरलेले पस्तीस बाउल प्लेऑफच्या बाहेरचे, आणि त्यांचं गणित वेगळं. बारापैकी सहा सामने जिंकले की संघ पात्र. खालच्या विभागातल्या संघावरचा एकच विजय त्यात धरतात. संघ कमी पडले, तर पाच विजयवाल्यांना अभ्यासातल्या प्रगतीच्या गुणांनुसार बोलावतात. यजमान शहराला हॉटेलं भरायची असतात, ईएसपीएन या क्रीडावाहिनीला सुट्टीतल्या दुपारी भरायच्या असतात; कित्येक बाउल तर ईएसपीएनच्याच कंपनीच्या मालकीचे आहेत. पूर्वी तोटा बहुधा कॉलेजांच्या गळ्यात पडे: २०११च्या फिएस्टा बाउलसाठी कनेटिकटला १७,५०० तिकिटांची हमी घ्यावी लागली होती आणि त्यांतली बहुतेक विकलीच गेली नाहीत. प्लेऑफचा पैसा याहून कितीतरी मोठा. अंतिम फेरी गाठली की कॉन्फरन्सच्या खात्यात एकूण २ कोटी डॉलर. नोत्र दाम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, त्यामुळे तिचा वाटा तिच्याकडेच राहिला.

या पस्तीस सामन्यांत रंगत नसते असं नाही. डेट्रॉइटला टोलीडोनं पिट्सबर्गला सहा ओव्हरटाइमनंतर ४८-४६ हरवलं, बाउलच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला सामना. नियम लक्षात ठेवा: पहिल्या दोन ओव्हरटाइममध्ये प्रत्येक संघ २५ यार्डांवरून सुरुवात करतो, दुसऱ्यात टचडाउननंतर किकचा एक गुण न घेता दोन गुणांचाच प्रयत्न (जवळून एकाच डावात पुन्हा गोल लाइन ओलांडणं) करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून आळीपाळीनं नुसते दोन गुणांचे प्रयत्न. म्हणून सहा ओव्हरटाइम होऊनही गुण पन्नाशीच्या आतच राहिले.

अडचण अशी की मैदानात उतरणारा संघ आणि मोसमभर पाहिलेला संघ एकच असेल याची खात्री नसते. तीन गोष्टी तपासल्याशिवाय निकालाचा अर्थ लावू नका: प्रशिक्षक तोच आहे का, एनएफएल या व्यावसायिक लीगला निघालेले खेळाडू खेळणार आहेत का, आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, किती जणांनी नाव टाकलं. मायामीचा कॅम वॉर्ड पॉप-टार्ट्‌स बाउलमध्ये अर्धा सामनाच खेळला, तीन टचडाउन पास देऊन बाहेर बसला. आयोवा स्टेट ४२-४१ जिंकली. आदल्या वर्षी, प्लेऑफबाहेर ठेवलेली १३-० फ्लोरिडा स्टेट बहुतेक मुख्य खेळाडूंविना ऑरेंज बाउल खेळली आणि जॉर्जियाकडून ६३-३ हरली. त्या आकड्यावरून दोन संघांची तुलना करणारे आजही भेटतात. मार्शलचं तर सगळंच विस्कटलं. सन बेल्टचं विजेतेपद मिळालं, प्रशिक्षक सदर्न मिसला गेले, पाठोपाठ इतके खेळाडू पोर्टलमध्ये शिरले की इंडिपेंडन्स बाउलसाठी संघच उभा राहीना. तिथं ५-७ अशा लुइझियाना टेकला बोलावलं आणि आर्मीनं तिला २७-६ हरवलं.

याचं मूळ तारखांत आहे. पोर्टल ९ डिसेंबरला उघडलं, म्हणजे ड्रॉ लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि २८ला बंद झालं. जानेवारीच्या सत्राला नव्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला डिसेंबरातच ठरवावं लागतं. म्हणून पेन स्टेटचा दुसरा क्वार्टरबॅक बो प्रिबुला प्लेऑफच्या पहिल्या सामन्याआधीच निघून गेला. प्लेऑफमधल्या संघांना हरल्यावर पाच दिवसांची सवलत होती, पण तोवर चांगल्या जागा भरलेल्या असतात. पुढच्या मोसमासाठी ही मुदत २ ते १६ जानेवारी २०२६ अशी केली. त्यानं डिसेंबरातले बाउल या कचाट्यातून सुटले. उपांत्य सामने मात्र ८ आणि ९ जानेवारीला होते, बरोबर त्या मुदतीच्या मधोमध.