काचेच्या धाग्याने समुद्राची क्षारता

हा काचेचा धागा म्हणजे साधे ऑप्टिकल फायबर. याचा व्यास 125 मायक्रॉन, मिलिमीटरचा आठवा भाग. जळगावच्या या प्रयोगशाळेतील संशोधक विद्यार्थिनी त्याचे प्लास्टिकचे आवरण सोलून काढते, धागा अल्कोहोलने पुसते, दोन्ही टोके पकडींमध्ये बसवते आणि मधला भाग ज्योतीवर धरते. काच मऊ झाली की पकडी अगदी सावकाश विरुद्ध दिशांना सरकू लागतात आणि धागा ताणला जाऊन काही मायक्रॉनपर्यंत बारीक होतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो तुटतो; त्यामुळे खानदेशातल्या मे महिन्याच्या उकाड्यातही या खोलीतले पंखे बंद असतात.

अखंड धाग्यातला प्रकाश गाभ्यातच परावर्तित होत पुढे जातो, बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. बारीक केलेल्या भागात मात्र त्याचा काही अंश काचेबाहेर पसरतो आणि भोवतालच्या पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे त्याचे प्रमाण, बदलला की धाग्यातून बाहेर येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपटही बदलतो. चंचुपात्रात मिठाचे द्रावण ओतताच संगणकावरच्या वर्णपटाच्या आलेखातली ही खोलगट रेषा उजवीकडे सरकते, ती यामुळेच. गोड्या पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.333, तर किलोमागे 35 ग्रॅम क्षार असलेल्या सागरी पाण्याचा सुमारे 1.339; सारी मोजणी एवढ्याशा अंतरात करायची असते. त्यातच पाणी एका अंशाने तापले, तर किलोमागे साधारण अर्धा ग्रॅम क्षार कमी झाल्याचा भास होतो. म्हणून शेजारी बंद नळीत दुसरा धागा ठेवलेला आहे, तो केवळ तापमान सांगतो.

जहाजांवरची प्रचलित उपकरणे विद्युतवाहकतेवरून क्षारता ठरवतात आणि विद्युतभार नसलेले विरघळलेले पदार्थ त्यांच्या नजरेतून सुटतात. प्रकाशाला तेही जाणवतात, आणि आमच्या मते या पद्धतीचे खरे मोल तेच आहे.

समुद्र इथून दूर आहे, म्हणून समुद्रविज्ञान किनाऱ्यावरच्या संस्थांनीच करावे, हे आम्हाला मान्य नाही. विदर्भाच्या खारपाणपट्ट्यातून येणारी पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तेच पाणी पुढे सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. कोळंबीच्या तळ्यांपासून सागरी प्रवाहांच्या अभ्यासापर्यंत क्षारतेची नोंद लागतेच. समुद्रात सोडलेल्या संवेदकावर काही दिवसांत शेवाळाचा थर चढतो आणि मोजमाप बिघडते. हे शेवाळ रोखणाऱ्या लेपाचे काम आता या टेबलावर सुरू झाले आहे.