थवा धरला, आता तो राखायचा

मंडळी, कांदा-बियाण्याचे गोंडे फुलले, शेवगा बहरला, की रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला एखाद्या निंबाच्या फांदीवर मधमाश्यांचा घोस, म्हणजे घर सोडून निघालेला थवा, लोंबताना दिसतो. लगेच कुणी फवारणीचा पंप काढतो, कुणी टेंभा पेटवतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबा. त्या माश्यांजवळ राखायला मध नाही, पिल्लं नाहीत. पोटात मध भरून निघालेल्या असतात, डिवचलं नाही तर सहसा चावत नाहीत. जुनी राणी भरलं घर नव्या राणीसाठी सोडून बाहेर पडलेली असते. टेहळ्या माश्या जागा शोधून येतात, घोसावर नाचून तिचा पत्ता सांगतात आणि थवा उठतो. आपल्या हाती तेवढाच वेळ.

माशी कोणती ते मात्र आधी बघा. मोठी, लांबट असेल तर ती आग्या, अजिंठ्याच्या कड्यावर जिची पोळी लोंबतात ती. तिच्या वाटेला जाऊ नका. झुडपात एकच लहान पोळं बांधणारी बारीक फुलोरी पेटीत राहत नाही. आपली पेटी सातेरीसाठी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्या देशी माशीसाठी.

आता धरायचं कसं? अंगभर कपडे, तोंडावर जाळी. बांबूची टोपली घोसाच्या वर पालथी धरा, खालून अगदी हलका धूर द्या. माशी अंधाराकडे, वर चढते. घाई करू नका, राणी चढू द्या. ती आत गेली हे ओळखायचं कसं? काही कामकरी माश्या टोपलीच्या काठावर शेपूट वर करून पंख फडफडवू लागतात. बाकीच्यांना बोलावणारा वास त्या पसरवत असतात. गवती चहाच्या वासाशी तो बराच जुळतो, म्हणून रिकाम्या पेटीला आतून जुनं मेण आणि गवती चहा चोळून ठेवला तर थवा कधी आपणहून येतो. राणी बाहेर राहिली, तर मात्र सगळ्या परत फांदीवर.

तिन्हीसांजेला थवा पेटीत उतरवा. दुसऱ्या पेटीतली, पिल्लं असलेल्या पोळ्याची एक लाकडी चौकट आत द्या. पिल्लं टाकून माश्या सहजी जात नाहीत. दाराला काही दिवस राणीरोधक जाळी, म्हणजे राणी बाहेर पडणार नाही, रात्री साखरेचा पाक, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या आहेतच.

पण खरी कसोटी चैत्र-वैशाखात. आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. पिल्लांना लागतात साधारण 35. माश्या पाणी आणून, पंखांनी वारा घालून घर थंड ठेवतात. जवळ पाणी नसेल, फुलोरा संपला असेल, तर सातेरी घर सोडते. मग लोक म्हणतात, माशी बेइमान निघाली. ती बेइमान नाही हो, आपण तिला उन्हात ठेवली! चाळिशीपुढे मेण मऊ पडतं, मधानं जड झालेलं पोळं चौकटीतून निखळतं. पेटी केळीच्या बागेत, गर्द सावलीत ठेवा. वर ओलं गोणपाट, शेजारी पसरट भांड्यात खडे घालून पाणी. आणि शेजारच्या शेतकरीदादाला आजच सांगून ठेवा, फवारणी करायचीच असेल तर दिवस मावळल्यावर कर, आणि मला आदल्या दिवशी कळव.