एल पाल्मारची गादी

श्रोतेहो, नमस्कार.

रोमला नवा पोप निवडायचा झाला की कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचे धर्मगुरू, सिस्टाइन चॅपेलमध्ये स्वतःला कोंडून घेतात, मतदान करतात आणि निवड झाल्याचा पांढरा धूर निघेपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध ठेवत नाहीत. स्पेनच्या दक्षिणेत, सेव्हिलजवळच्या एल पाल्मार दे त्रोया या गावातही एक पोप राहतात. तिथे असला खटाटोप नाही. गादीवरचा पोप ज्याला नेमेल, तो पुढचा पोप.

रोमपासून फुटलेल्या या पंथाला पाल्मारियन चर्च म्हणतात. ३० मार्च १९६८ रोजी गावातल्या चार मुलींनी सांगितलं की आम्हाला रानातल्या झुडपापाशी मारियामाता दिसली. गर्दी लोटली. त्या गर्दीत सेव्हिलचा एक कारकून होता, क्लेमेंते दोमिंगेस, आणि त्याच्या जोडीला मानुएल आलोन्सो हा वकील. थोड्याच काळात मुली मागे पडल्या आणि क्लेमेंतेलाच दर्शनं होऊ लागली. काळही अनुकूल होता. कॅथलिक चर्चमध्ये बदल घडवणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली होती, लॅटिन मिस्सा, म्हणजे जुनी लॅटिनमधली उपासना, मोडीत निघाली होती, आणि आपलं चर्च हातचं गेलं असं वाटणारे भाविक पुष्कळ होते. क्लेमेंतेचे संदेश त्यांना पटणारे होते: पोप पॉल सहावे सज्जन आहेत, पण भोवतालच्या कपटी लोकांनी त्यांना कैदेत ठेवलंय.

पण नुसत्या दर्शनांवर चर्च उभं राहत नाही. कॅथलिक परंपरेत बिशपला बिशपच घडवतो, डोक्यावर हात ठेवून. ही साखळी थेट प्रेषितांपर्यंत, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपर्यंत पोचते असं मानतात. म्हणून रोमशी फारकत घेणाऱ्यालाही आधी एक खरा बिशप शोधावा लागतो. आपल्या गोव्याचे फादर आल्वारिस १८८९ मध्ये रोमबाहेर बिशप झाले, तेही सीरियन ऑर्थोडॉक्स बिशपांच्या हातून. पोप होण्याच्या भानगडीत मात्र ते पडले नाहीत! एल पाल्मारला बिशप मिळाले ते व्हिएतनामचे न्गो दिन्ह थुक, ह्युए शहराचे माजी आर्चबिशप. त्यांचे भाऊ दिएम हे दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष. १९६३ च्या बंडात ते मारले गेले, आणि व्हॅटिकन परिषदेसाठी आलेले थुक युरोपातच अडकले. नव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी या मंडळींना धर्मगुरूची दीक्षा दिली आणि ११ जानेवारी १९७६ रोजी पाच जणांना बिशप केलं. क्लेमेंते आणि मानुएल त्यांत होतेच. रोमने सगळ्यांना बहिष्कृत केलं. पण हात डोक्यावर ठेवला गेला होता, तो कसा परत घेणार?

त्याच वर्षी मोटार अपघातात क्लेमेंतेची दृष्टी गेली. ऑगस्ट १९७८ मध्ये पॉल सहावे वारले तेव्हा तो कोलंबियात, बोगोता शहरात होता. खुद्द ख्रिस्तानेच आपल्याला पोप केलं, असं त्याने तिथून जाहीर केलं. हे झाले ग्रेगरी सतरावे. त्यांनी कोलंबसाला संत केलं, हुकूमशहा फ्रँकोलाही! गावात अवाढव्य बॅसिलिका, म्हणजे भव्य चर्च, उभी राहिली, भोवती उंच भिंत, आणि भाविकांच्या कपड्यांपासून टीव्हीपर्यंत सगळ्याला नियम.

२००५ मध्ये ते गेले आणि मानुएल पीटर दुसरे झाले. माझ्या मते या चर्चचा खरा कारभारी हाच माणूस. दर्शनं एकाची, पण घडी बसवली ती दुसऱ्याने.

२०११ मध्ये खिनेस हेर्नांदेस हे ग्रेगरी अठरावे म्हणून आले. आणि २०१६ मध्ये, श्रोतेहो, पोपच चर्च सोडून गेले. एका माजी जोगिणीवर त्यांचं प्रेम जडलं होतं, पुढे दोघांनी लग्न केलं. वर त्यांनी सांगितलं की हा सगळा बनाव होता.

इथे पंथ मोडायला हवा होता. थोडे गेलेही. पण उरलेल्यांकडे उत्तर तयारच होतं. १९७८ मध्ये रोमच्या नव्या पोपबद्दल ते हेच म्हणाले होते: गादी खरी, माणूस फितूर. तेच आता त्यांनी आपल्या पोपला लावलं. ग्रेगरींच्याच हाताखालचे सचिव, स्वित्झर्लंडचे जोसेफ ओडरमाट, पीटर तिसरे झाले आणि त्यांनी आधीच्या पोपना धर्मद्रोही ठरवलं. हे माजी पोप २०१८ मध्ये बायकोसह, तोंड झाकून, त्याच भिंतीवरून चोरी करायला आत शिरले. आतल्या एका बिशपशी झटापट झाली, चाकू चालला, तिघेही जखमी झाले. माजी पोप आधी इस्पितळात गेले, मग तुरुंगात. नमस्कार.