चाळीस तारांचे चाक

(दृश्य : सकाळ. बसस्थानकामागचा रस्ता. पत्र्याच्या शेडसमोर उलट्या करून ठेवलेल्या सायकली.)

परभणी जिल्ह्यात, दुधना नदीच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या मागे सायकल दुरुस्तीचे हे दुकान आहे. तीन बाजूंनी पत्रा, पुढे रस्ता, आणि आत एक उभा पंप, पाण्याचे घमेले, पान्ह्यांची पेटी आणि लुधियानाहून आलेल्या सुट्या भागांची खोकी. शाळेची घंटा होण्याआधीचा तास येथे सर्वांत गर्दीचा असतो, कारण आसपासच्या खेड्यांतून तीन-चार किलोमीटर सायकल चालवत आलेल्या मुलींपैकी कोणा ना कोणाची हवा वाटेत गेलेली असते.

दुकानाच्या मिस्त्रींना सगळे गाव ‘चाचा’ म्हणते.

(दृश्य : निळ्या गणवेशातील मुलगी. ‘‘चाचा, कालच हवा भरली होती ना.’’ चाचांचे बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर.)

चाचा लगेच टायर खोलत नाहीत. ओले बोट ते व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवतात आणि बुडबुडा येतो का ते पाहतात. आपल्याकडच्या साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या एका बारीक नळीवर रबराची नळी चढवलेली असते. पंपाची हवा धातूच्या नळीच्या कडेला असलेल्या छिद्रातून बाहेर पडताना ते रबर किंचित फुगवून ट्यूबमध्ये शिरते, आणि मग ट्यूबमधली हवाच त्या रबराला छिद्रावर दाबून धरते, त्यामुळे तिला परतीची वाट उरत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, सायकली दिवसभर शाळेच्या उघड्या पटांगणात उभ्या असतात, आणि हे इवलेसे रबर कडक होऊन चिरते. पंक्चर समजून ढकलत आणलेल्या कित्येक सायकलींचे दुखणे एवढेच असते. चाचा जुने रबर ओढून काढतात, नव्या व्हॉल्व्हट्यूबचा पेरभर तुकडा कापून चढवतात, हवा भरतात, आणि मुलगी निघून जाते.

(दृश्य : दुसरी सायकल. घमेल्यातील पाण्यात फिरणारी ट्यूब. बुडबुडे.)

दुसऱ्या सायकलीला मात्र खरेच पंक्चर आहे. दोन पट्ट्यांनी टायरची कड रिमबाहेर काढून चाचांनी ट्यूब ओढून घेतली, तिच्यात थोडी हवा भरली आणि हातभर-हातभर करून ती पाण्याखालून फिरवली. बुडबुडा दिसला ती जागा त्यांनी अंगठ्याने धरून ठेवली, ट्यूब पुसून कोरडी केली आणि काचपेपरने त्या जागेची चकाकी घालवली, कारण गुळगुळीत रबरावर सोल्युशन धरत नाही. त्यानंतर सोल्युशनचा पातळ हात देऊन ते थांबले. या थांबण्याकडे प्रेक्षकांनी लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. सोल्युशनमधला पातळ द्रव उडून जाऊन ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके वाळले, तरच पॅच पक्का बसतो. ओल्यावर लावलेला पॅच दुपारच्या उन्हात सुटतो. पॅचही जुन्या ट्यूबमधूनच कापलेला असतो आणि त्याचे कोपरे गोल केलेले असतात, कारण चौकोनी कोपरा आधी उचलला जातो.

(दृश्य : टायरच्या आतून फिरणारी बोटे. चिमट्यात काटा. बांधावर पसरलेला सराटा, जवळून.)

ट्यूब दुरुस्त झाली तरी काम संपलेले नसते. टायरमध्ये राहिलेला काटा सापडला नाही, तर पहिल्या किलोमीटरमध्येच पुन्हा त्याच जागी भोक पडणार, म्हणून चाचा टायरच्या आतून सावकाश बोटे फिरवतात. या भागात तो काटा बहुधा सराट्याचा असतो. सराटा जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा वेल. त्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच, आणि जनावरांच्या खुरांना, माणसांच्या चपलांना व सायकलींच्या टायरांना रुतून हे बी गावोगाव फिरते. त्याच्या जोडीला वेडी बाभूळ आहेच. धुऱ्यावर कुंपणासाठी तिच्या फांद्या ओढत नेल्या की पाणंदीच्या रस्त्यावर काट्यांचा सडा पडतो.

हवेचे टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तयार केले. दगडगोट्यांचे हादरे त्यामुळे कमी झाले. काट्यांशी झुंजण्याचे काम तेव्हापासून जगभरच्या चाचांकडे आले.

(दृश्य : पावसाळा. काळ्या रानातील वाट. मडगार्डमध्ये गच्च बसलेला चिखल, तो काडीने काढणाऱ्या दोन मुली. येथे निवेदन थांबते.)

काळ्या मातीचा हा चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये एकदा दाटला की चाक फिरेनासे होते. खरे नुकसान मात्र पुढे होते, कारण चिखलाचे पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात शिरते, ग्रीस धुऊन नेते आणि बारीक कच मागे ठेवते. साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या असतात. ते कोरडे फिरले की कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या नटवर, खड्डे पडतात. चाचा छर्रे रॉकेलमध्ये धुतात, झिजलेले बदलतात, नवे ग्रीस भरतात आणि कोन बेताने आवळतात. जास्त आवळला तर चाक जड होते आणि सैल राहिला तर डुलते. बेत साधला की नाही, हे पाहण्याची त्यांची रीत फार सुंदर आहे : चाक अधांतरी धरून सोडून द्यायचे. व्हॉल्व्हची बाजू थोडी जड असते, त्यामुळे चाक हलके फिरत असेल तर व्हॉल्व्ह आपोआप खाली येऊन, थोडा झुलून स्थिरावतो.

(दृश्य : दूधवाल्याची काळी सायकल. मागचे चाक फिरते आहे. रिमजवळ धरलेला खडू.)

आता या दुकानातील सर्वांत कसबाचे काम पाहू. या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 तारा आहेत आणि मागच्या चाकाला 40, कारण स्वाराचे आणि कॅरियरचे बरेचसे वजन मागे पडते. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून खड्ड्यांतून रोज जाणारे हे चाक वाकडे झाले आहे, आणि त्याचा आऊट, म्हणजे हा वाकडेपणा, काढायचा आहे.

तार चाकाला काठीसारखा खालून टेका देत नाही; ती ताणलेली असते, आणि सगळ्या तारांचा ताण एकमेकींना तोलून धरतो म्हणून इतक्या हलक्या रिमवर माणूस आणि दूध दोन्ही पेलले जातात. भार पडला की जमिनीकडच्या तारांचा ताण कमी होतो, चाक फिरले की तो पुन्हा वाढतो. ज्या चाकात तारा सैल पडल्या आहेत, तेथे प्रत्येक फेऱ्याला तार ढिली आणि ताठ होत राहते, आणि अखेरीस हबजवळच्या वाकणात तुटते. एक तुटली की शेजारणींवर भार येतो. म्हणून चाचा तारा आवळायची चावी हातात घेण्याआधी प्रत्येक तार बोटाने छेडतात, कीर्तनापूर्वी वीणेकरी आपली तार छेडतो तशी, आणि बद्द आवाज आला की तेथे थांबतात.

(दृश्य : तारेच्या रिमकडच्या नटवर, म्हणजे निपलवर, चावी. पाव फेरा. पुन्हा पाव फेरा. फक्त तारांचा आवाज.)

चाक फिरवताना स्थिर धरलेला खडू रिमला जेथे लागतो, तेथे रिम त्या बाजूला झुकलेली असते. रिम उजवीकडे गेली असेल, तर हबच्या डाव्या कडेकडून येणाऱ्या तारा आवळायच्या आणि उजव्या कडेच्या तितक्याच सैल करायच्या, तेही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. जेथे रिम बाहेर फुगली आहे, तेथे दोन्ही बाजूंच्या तारा मिळून आवळायच्या. काळ्या सायकलीच्या सळईच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, म्हणजे हबच्या बाजूने दाबते. त्यामुळे एवढी फूग राहिली तरी ब्रेक दर फेऱ्याला अडखळतो. घाईने एकच तार कचकचून आवळणारा माणूस एक आऊट काढताना दुसरा तयार करतो. चाचांचे चाक पाऊण तासाने सरळ फिरू लागले.

या कामाचे चाचांना जे पैसे मिळतात, त्यांत घर चालत नाही. त्यांचा मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो.

(दृश्य : शाळेचे पटांगण. सायकलींची रांग. एक सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही टायर बसलेले.)

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी शासन मदत करते, आणि ही फार मोलाची मदत आहे. सायकल चालू ठेवण्याचा खर्च मात्र घराकडे राहतो, आणि जेथे जवळ मिस्त्री नाही तेथे पेरभर रबरासाठी सायकल पडून राहते व मुलीची शाळा बुडते.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा सुटीभर ओसरीत उभ्या राहिलेल्या सायकली एकदमच चाचांकडे येतात. शाळांनी त्याआधीच्या आठवड्यात अशा मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे, प्रत्येक सायकलीची हवा, ब्रेक, तारा आणि कोन त्यांच्याकडून तपासून घ्यावेत, आणि एक पंप, दोन पट्ट्या, सोल्युशन व व्हॉल्व्हट्यूबचे एक भेंडोळे शाळेत कायम ठेवावे. व्हॉल्व्हट्यूब बदलायला चाचांनी या दुकानात काही मुलींना शिकवले आहे. पुढच्या दृश्यात त्या ती स्वतः बदलत आहेत.